ओव्हनमधले देव

"काका, हा फ्रिज चालू कंडिशनमध्ये आहे का हो?"

सरपोतदार बुटासकट आत आला. मी बाकावर बसून अळूची पानं पुसत होतो.

"आमच्याकडे कधीच चालू नव्हता."

"म्हणजे तुम्ही वापरलाच नाही? वा!" त्यानं फ्रिजची मूठ ओढली. मूठ जाड आणि चकचकीत, जुन्या मोटारीच्या दाराला असते तशी. खटकन दार उघडलं. आत ज्वारीचं पीठ, हरभऱ्याची डाळ, गुळाची ढेप, पापडांचा डबा. वर बर्फाच्या कप्प्यात हळकुंडं आणि सुपाऱ्या.

"फ्रिजमध्ये पीठ?"

"मुंग्या शिरत नाहीत."

तो हसला. त्यानं फ्रिजच्या गोल कडेवरून हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ओरिजिनल पिस्ता कलर. काका, तुम्हाला कल्पना नाही तुमच्याकडे काय आहे."

"बूट काढा."

"अं?"

"इथं स्वयंपाक चाललाय. बूट काढा."

"सॉरी, सॉरी." तो दारात वाकून बूट काढायला लागला. मोज्यांवर अननसांची चित्रं होती. बाहेर त्याची क्रेन उभी होती आणि तिचं इंजिन बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. सगळा धूर सिंकवरच्या खिडकीतून आत येत होता.

मला त्या माणसाला धरून बाहेर फेकावंसं वाटलं. तसा त्याचा काही गुन्हा नव्हता. पण अनुसया गेल्यापासून मला बहुतेक माणसांना धरून फेकावंसं वाटायचं.

हे सगळं घडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कारवट धरणावर वायरमन होतो. धरणाच्या बोगद्याचं काम करायला परदेशी इंजिनिअर आले होते, आणि येताना त्यांनी राहायला चाकांची घरं आणली होती. लांबट, पत्र्याची, मागं आगगाडीच्या डब्यासारखी आणि पुढं ट्रकला जोडायचा दांडा. वसाहतीत आम्ही त्यांना डबेच म्हणायचो. काम संपल्यावर ते लोक गेले आणि डबे धरणाच्या खात्याकडे राहिले. चाळीत खोली शिल्लक नव्हती म्हणून मला एक डबा राहायला दिला. पुढे निवृत्त होताना तोच मी भंगाराच्या भावानं विकत घेतला.

डब्यात एका टोकाला झोपायची खोली आणि बाकी सगळं स्वयंपाकघर. तसलं स्वयंपाकघर आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. भिंतीत बसवलेली कपाटं. गाडी हलली तरी उघडू नयेत म्हणून प्रत्येक खणाला खटका. तांबडं रेक्झिन लावलेले समोरासमोर दोन बाक आणि मधे भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल. विजेची शेगडी, तिच्या खाली काचेच्या दाराचा ओव्हन, शेजारी हा पिस्त्याच्या रंगाचा फ्रिज. पण त्यांच्या देशातल्या विजेचा दाब आपल्या निम्मा. त्यासाठी आणलेला ट्रान्स्फॉर्मर ते जाताना घेऊन गेले. त्यामुळे आम्ही राहायला आलो तेव्हा त्या स्वयंपाकघरातली एकही वस्तू चालत नव्हती.

अनुसयानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. फ्रिजमध्ये धान्य भरलं. विजेच्या शेगडीवर पाट टाकून त्यावर रॉकेलचा स्टोव्ह ठेवला, पुढं गॅस आला तेव्हा गॅस. ओव्हनचं दार उघडून ती आत बराच वेळ बघत राहिली.

"काच हाय. दिव्याची जागा हाय. दार घट्ट लागतंय, उंदीर जायाचा न्हाई. देव इथंच बसवू."

"अगं, ही भट्टी आहे. यात ते लोक कोंबड्या भाजायचे."

"मग काय झालं? घासते की."

तिनं चिंच आणि राख घेऊन ओव्हन आतून घासला. नंतर गोमूत्र शिंपडलं. मग जोतिबाचा आणि खंडोबाचा टाक, तुळजाभवानी, आणि माहेराहून आणलेली अन्नपूर्णा असे सगळे आत बसले. मी आपल्या लाइनवरची वायर ओढून आत एक लहान दिवा लावला. वीज असेल तेवढा वेळ तो जळायचा. जाळीवर देव, खालच्या ताटात फुलं आणि कुंकवाचा करंडा.

ती गेली माघात. पोटाचं दुखणं होतं. शेवटी शेवटी तिला पाणी ठरत नव्हतं. भात डोळ्यांनी बघायची आणि ताट बाजूला सारायची. जिनं आयुष्यभर चार लोकांना रांधून घातलं, ती उपाशी मेली म्हटलं तरी चालेल. आणि तिला हिरवं लुगडं नेसवताना बायका काय म्हणत होत्या? भाग्याची गं, अहेव गेली. नवऱ्याच्या मांडीवर गेली. सोनं झालं. तिच्या पायांवर डोकं ठेवून तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावत होत्या. दहाव्याला तेच. तेराव्याला तेच. माझ्या मुलाची, सुहासची, सासू तर माझ्यासमोर बसून म्हणाली, "व्याही, आता रडायचं नाही. असं मरण मागून मिळत नाही."

मी म्हणालो होतो, "मग तुम्ही मागून बघा."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. बरंच झालं.

भाद्रपदात पितृपाटात नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची नवमी. आमच्याकडे तिला अहेव नवमी म्हणतात. त्या दिवशी गेलेलीच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. मला त्या अहेव शब्दाचाच राग होता. पण अनुसयाच्या नावानं कोणाच्या तरी पोटात अन्न जाणार होतं, आणि ते तिच्याच स्वयंपाकघरात शिजलेलं जावं, एवढंच मला हवं होतं. वसाहत पाडायची नोटीस आली होती. डबा हलवणं भाग होतं, आणि सुहासनं गिऱ्हाईक आणलं होतं. घाटावर सरपोतदारचं रिसॉर्ट होतं, तिथं त्याला जुन्या घरात राहायची हौस असलेल्या पाहुण्यांसाठी हा डबा मांडायचा होता. मी हो म्हणालो होतो. फक्त म्हणालो होतो, नवमी झाल्यावर.

आणि नवमीच्या सकाळी क्रेन दारात.

"अण्णा, क्रेन आजचीच मिळाली," सुहास दारात उभा राहून म्हणत होता. "नंतर त्याला दुसरीकडे काम आहे. आपण काय, दुपारपर्यंत आटपू."

"पितृपाटात कोण वस्तू घरी नेतं?"

"काका, पितृपक्षात नवीन वस्तू घेत नाहीत," सरपोतदार म्हणाला. "ही तर जुनी आहे!"

त्याला वाटलं मी हसेन. सुहास हसला.

"तू हसतोस कशाला?" मी विचारलं. "तुझ्या आईची नवमी आहे का त्याच्या आईची?"

"अण्णा, आवाज कमी."

"माझ्या घरात मी आवाज कमी करू? दुपारपर्यंत हे घर माझं आहे. जेवण होईपर्यंत याच्या एका चाकाला कोणी हात लावायचा नाही."

क्रेनवाला म्हातारा माणूस होता. तो खालूनच म्हणाला, "सवाष्ण जेवायची असंल तर मी साखळी लावत न्हाई बाबा. मला घरी बायको हाय." आणि त्यानं इंजिन बंद केलं. त्या सकाळी शहाणं वाटलेलं ते पहिलं माणूस.

स्वयंपाक सून करत होती, स्नेहल. ओट्यापाशी लाकडी चौथरा होता. परदेशी बायका उंच, त्यांच्या मापाचा तो ओटा. अनुसया बुटकी. तिच्यासाठी मी तो चौथरा ठोकून पक्का केला होता. स्नेहल चांगली उंच. चौथऱ्यावर चढली की वरच्या कपाटाला तिचं डोकं आपटायचं.

"आई गं! अण्णा, हा काढता नाही का येत?"

"नाही."

"मग मी वाकून किती वेळ उभी राहू?"

"वाकून राहा."

ती खीर ढवळत राहिली. थोड्या वेळानं, पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाली, "अण्णा, एक विचारू? रागावू नका."

"मग विचारूच नको."

"हौसाबाईंना बोलावलंय ना तुम्ही. पण त्यांच्या मिस्टरांचा पत्ता कुठाय? इतकी वर्षं झाली. आई म्हणत होती, अशा वेळी नक्की सवाष्ण असलेली बघावी. म्हणजे शंका नको."

"कोणती आई?"

"माझी."

"तुझ्या आईला अनुसयानं जेवायला बोलावलंय का?"

"अण्णा, मी फक्त..."

"हौसाबाई या बाकावर बसून जेवतच आलीय. हळदीकुंकवाला चाळीतल्या बाया तिला टाळायच्या तेव्हा अनुसया तिला पहिली बोलवायची. तुझ्या आईला सांग, तिची शंका तिनं स्वतःच्या नवमीला काढावी."

स्नेहलनं पळी जोरात कढईवर आपटली. डोकं वर केलं आणि पुन्हा कपाटाला आपटलं.

हौसाबाई म्हणजे आमच्या मागच्या चाळीतली. तिचा नवरा दगडू धरणावर खलाशी, म्हणजे यंत्रांवरचा मजूर होता. काम संपता संपता तो एका बाईबरोबर गुजरातकडं निघून गेला, तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. हौसाबाई रेस्टहाऊसवर साहेबांचा स्वयंपाक करायची आणि एकटी राहायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अनुसयाला ती अक्का म्हणायची, म्हणून मी तिचा दाजी.

ती यायच्या आधी सरपोतदारनं ओव्हन उघडला.

मी वड्यांचं पीठ बघत होतो. मागून त्याचा आवाज आला, "ओह माय गॉड!"

वळून पाहिलं तर तो गुडघ्यांवर बसला होता आणि मोबाइलनं फोटो काढत होता. आत दिवा जळत होता. देवांवर मी सकाळीच झेंडू वाहिला होता.

"काका, हे कोणाचं डोकं? ओव्हनमध्ये देव! लाइटसकट! काका, हे असंच ठेवू या. प्लीज. हे काढू नका."

"म्हणजे?"

"अहो, गेस्ट लोकांना हेच आवडतं. असलं कुठे बघायला मिळतं? देव इथेच राहू देत. हवं तर त्यांचं वेगळं काय ते बघू."

"माझे देव?"

"किंवा देव तुम्ही न्या, मी तसेच दुसरे आणून बसवतो. पण हे ताट, ही फुलं, हा करंडा..." त्यानं आत हात घातला आणि कुंकवाचा करंडा उचलला. "असाच लूक पाहिजे."

मी ओव्हनचं दार लावलं.

जोरात लावलं. त्याचा हात मधे होता.

तो असा ओरडला की क्रेनवाला धावत आला. सुहास आत घुसला. "अण्णा! अण्णा, काय करताय? वेड लागलंय का तुम्हाला?"

"करंडा सोड म्हणावं."

"अहो, बोटं तुटली असती त्यांची!"

"त्यानं सोडला की मी सोडतो."

करंडा आत पडला. मी दार उघडलं. सरपोतदार बोटं तोंडात घालून उभा राहिला. करंड्याचं झाकण निघालं होतं आणि सगळीकडे कुंकू सांडलं होतं, देवांवर, जाळीवर, त्याच्या शर्टाच्या बाहीवर.

"बर्फ आहे का?" त्यानं विचारलं.

"फ्रिज बंद आहे," मी म्हणालो.

सुहास त्याला धरून बाहेर घेऊन गेला. खिडकीतून मला ऐकू येत होतं, सॉरी, आई गेल्यापासून ते असेच झालेत, सॉरी. मला अजूनही राग येतो तो त्या सॉरीचा. माझ्या नावानं माझ्या दारात उभा राहून मुलगा माफी मागत होता आणि आत त्याच्या आईचं कुंकू सांडलेलं होतं. मी ते बोटांनी गोळा केलं. जेवढं आलं तेवढं करंड्यात भरलं.

हौसाबाई आली तेव्हा पानं वाढायची तयारी झाली होती. धुतलेलं लुगडं, केसांत एक शेवंती. दारात पाय धुतले, ओव्हनसमोर बसून देवांना हात जोडले. आतलं सांडलेलं बघून माझ्याकडं पाहिलं.

"दाजी, हे काय झालं?"

"काही नाही. तुम्ही बसा."

ती तिच्या नेहमीच्या बाकावर बसली, खिडकीकडच्या. टेबल मी उघडून ठेवलं होतं. स्नेहलनं पान मांडलं. खीर, वडे, अळूची भाजी, वरणभात, गवार, कोशिंबीर. शेजारी हिरवं लुगडं, खण, नारळ. मी समोर उभा होतो.

"चला, घ्या," मी म्हणालो.

हौसाबाईनं पानाकडं पाहिलं. हात पुढं केला आणि परत मांडीवर ठेवला.

"काय झालं? मीठ राहिलं का?" स्नेहलनं विचारलं.

"न्हाई पोरी. समदं हाय." ती माझ्याकडं बघत होती. "दाजी, एरवी जेवले. अक्का व्हती तवर जेवले. पर आज अक्काच्या नावाचं पान हाय. आज खोटं खाऊ वाटंना."

"कसलं खोटं?"

"मी सवाष्ण न्हाई."

बाहेर क्रेनवाल्यानं विडी पेटवली, त्याची काडी ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. स्नेहल पळी हातात धरून थांबली होती.

"दगडू मेला," हौसाबाई म्हणाली. "कवाच मेला. तुमचा सुहास शाळंत व्हता तवा. तिकडं ट्रकखाली गेला. त्याच्या गावचा पोपट म्हणून डंपरवाला सांगायला आलता. मी इथंच बसले हुते, चटणी वाटत. अक्का तिथं, चौथऱ्यावर. तो दारात उभा ऱ्हाऊन सांगून मोकळा झाला. तिकडंच जाळला म्हणं. त्या बाईनंच समदं केलं."

"अनुसयाला माहीत होतं?"

"अक्कानंच तर..." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला. रडत नव्हती. "अक्कानं त्याला आधी च्या दिला. मग म्हणली, पोपटा, सांगितलंस, झालं तुझं काम. आता हे वसाहतीत कुठं बोललास तर तुझ्या तोंडात निखारा घालीन. तो गेला. अक्कानं दार लावलं. मी पदरानं कुंकू पुसाया लागले. पुसावंच लागतंय न्हवं? तर अक्कानं माझं मनगट धरलं. असं धरलं, दाजी, का वळ उठला. म्हणली, कुणासाठी पुसतीस? जित्ता हुता तवा तुझा न्हवता. मेल्यावर कशाला तुझा?"

मी त्या चौथऱ्याकडं पाहिलं.

"मी म्हणलं, अक्का, देवाला काय सांगू. तर तिनं ह्या भट्टीचं दार उघडलं. म्हणली, बघ. कोंबड्या भाजायच्या जागी देव बसलेत. त्यांनी काय तक्रार केली का? मग तुला काय झालंय? आणि आतनं करंडा काढून मला कुंकू लावलं. एवढं मोठं. म्हणली, हे दगडूचं न्हाई. हे मी लावलेलं हाय. हे कुणाच्या मरणानं पुसायचं न्हाई."

"आणि दीर?" मी विचारलं. मला आठवत होतं, तिचा दीर दोनदा तिला गावी न्यायला आला होता. शेतावर राबायला फुकटचं माणूस हवं होतं त्याला. तिनं त्याला सांगितलं होतं, नवरा येईल तेव्हा येईन.

"त्येच की. दगडू मेला कळलं असतं तर मला फरफटत न्हेलं असतं. आणि रेस्टहाऊसवर माझ्या हातची पुरणपोळी कुणी खाल्ली असती? अक्कानं समदा इचार केलता. मी एकटीनं न्हवता केला."

मला राग आला. आणि या वेळी तो अनुसयाचा आला. एवढी वर्षं एका डब्यात राहिलो. बाजूला वळलं तर एकमेकांना धक्का लागायचा एवढी जागा. आणि तिनं मला सांगितलं नाही.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

हौसाबाईनं खाली पाहिलं. "म्या इचारलं हुतं. अक्का म्हणली, त्यांना सांगू ने. मनानं चांगलं हाईत. पर राग आला का त्यांच्या तोंडातनं समदं भाईर पडतंय."

चौथऱ्यावरून स्नेहलच्या घशातून काहीतरी आवाज आला. मी तिच्याकडं पाहिलं. ती हसत होती की काय ते मला कळलं नाही. तिनं तोंड फिरवलं.

अनुसया खरं तेच म्हणाली होती. सकाळपासून मी काय करत होतो?

हौसाबाई उठायला लागली. "मी जाते, दाजी. दुसरी कोण बघा. चाळीत शिंद्याची सून हाय. अजून वेळ गेली न्हाई."

मी तिच्या पानाकडं बघत होतो. अळूची भाजी निवत चालली होती. मला ते माघातले दिवस आठवले. दारात पायांवर डोकं ठेवणाऱ्या बायका. भाग्याची गं. त्यांचं बोलणं अनुसयाला ऐकू आलं असतं तर तिनं त्यांच्याही तोंडात निखारा घातला असता. हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, राग येतो तो एकट्या मला.

"खाली बसा," मी म्हणालो.

"दाजी..."

"बसा म्हणतो ना! हे पान तिच्या नावाचं आहे. ती तुम्हालाच वाढायची. मी काय दुसऱ्या कोणाला वाढू? स्नेहल, कुंकू लाव त्यांना."

स्नेहल चौथऱ्यावरून खाली उतरली. करंडा घेतला. हौसाबाईसमोर येऊन उभी राहिली आणि तिचा हात तिथंच थांबला. बोटाला कुंकू लागलेलं, हात मधेच. "अण्णा, पण आता आपल्याला माहीत झालंय..."

"लाव."

"आईला कळलं तर..."

"तुझी आई गेली..." मी पुढचं गिळलं. खरंच गिळलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.

हौसाबाईनं स्नेहलकडं पाहिलं. रागानं नाही. मग तिच्या हातातून करंडा हळूच काढून घेतला. "ऱ्हाऊ दे पोरी. तुझ्यावर बळजबरी नगं. मला अक्कानं लावलंय. मी नुसतं वरनं लावते." फ्रिजच्या चकचकीत मुठीत बघून तिनं स्वतःच कुंकू लावलं. रुपयाएवढं. मग बसली, डोळे मिटले, पहिला घास घेतला.

"कशी झालीय खीर?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"गोड कमी हाय," ती म्हणाली. "अक्का जास्त घालायची."

"स्नेहल, गूळ दे त्यांना. फ्रिजमध्ये आहे."

तिनं पोटभर खाल्लं. मी वाढत होतो. मागितलं नाही तरी वाढत होतो. चौथऱ्यावर चढलो की माझंही डोकं आपटत होतं. या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. ओटी मीच तिच्या पदरात टाकली, पुरुषानं टाकायची नसते तरी. कोणी काही म्हणालं नाही. क्रेनवाल्याला बाहेर पान दिलं. सुहास जेवला. सरपोतदारलाही दिलं. तो डाव्या हातानं जेवला, आणि वडे छान झालेत म्हणाला. मी त्याला आणखी दोन वाढले.

मग मी देव काढले. एकेक टाक पुसून पापडांच्या रिकाम्या डब्यात ठेवला, अन्नपूर्णा रुमालात गुंडाळली आणि डबा हौसाबाईच्या हातात दिला. सुहासच्या फ्लॅटमध्ये शोकेस होतं. देव शोकेसमध्ये बसणार नव्हते.

"काका," सरपोतदार जपून म्हणाला, दारातूनच, बूट काढून, "तो आतला दिवा तेवढा राहू द्या ना. आणि या किचनची एखादी गोष्ट असेल तर सांगा. आम्ही बोर्डवर लिहू. गेस्ट वाचतात."

मी खिशातून पक्कड काढली, खाली बसलो आणि ओव्हनच्या मागची वायर तोडली. दिवा गेला. आतली काच काळी झाली.

"लिहा," मी म्हणालो. "इथली एकही वस्तू चालत नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच."

साखळ्या लावल्या. डबा जमिनीवरून उचलला गेला तेव्हा आतल्या सगळ्या खणांचे खटके एकदम वाजले. एकही खण उघडला नाही. हौसाबाई देवांचा डबा पदराखाली धरून चाळीकडं निघाली होती. ती मागं वळली नाही. आता तीही नाही, म्हणून हे सांगतोय. तोवर मी कोणाला सांगितलं नाही. रागातसुद्धा नाही.

त्या दिवशी मी आणि स्नेहल रिकाम्या जागेवर उभे होतो. चौथरा मी सोडवून ठेवून घेतला होता. त्यावर ती बसली होती, कपाळाला टेंगूळ आलेलं. तिचा फोन वाजला.

"हं, आई. हो, झालं जेवण. हौसाबाईच." ती थांबली. पलीकडून विहीणबाई बराच वेळ बोलत होत्या. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज ओळखीचा होता. मी हात पुढं केला, फोन इकडे दे म्हणून.

स्नेहलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, आहेत त्यांचे मिस्टर," ती म्हणाली. "गुजरातला असतात. हो, नक्की. अगं आई, सवाष्णच आहेत. मी माझ्या हातानं कुंकू लावलं त्यांना."